निर्वंश : 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' आणि तिचे पडद्यावरचे अवतार

१

१८२६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेत जेम्स फेनिमोर कूपर या लेखकाची 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढच्याच महिन्यात, २८ मार्च रोजी, कनेक्टिकट राज्यातल्या कॉर्नवॉल या गावी एक लग्न लागले. नवरा एलायस बूडिनॉट हा चेरोकी जमातीचा, मिशनच्या शाळेत शिकलेला तरुण. नवरी हॅरिएट गोल्ड ही त्याच गावच्या प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातली मुलगी. हे लग्न ठरल्याची वार्ता आदल्या वर्षी फुटली, तेव्हा गावकऱ्यांनी चौकात त्यांचे पुतळे जाळले. त्या पुतळ्यांना आग लावणारा हॅरिएटचा सख्खा भाऊ होता. 'रानटी' मुलांना ख्रिस्ताचे बंधुत्व शिकवण्यासाठी काढलेली ती मिशनची शाळाही या प्रकरणानंतर लवकरच बंद पडली. बंधुत्व प्रार्थनेत चालत होते. सोयरीक निघताच बंधू परका झाला.

बूडिनॉट आणि हॅरिएट यांना पुढे सहा मुले झाली. याचा अर्थ असा की, जी गोष्ट कूपरच्या कादंबरीला अशक्य वाटली ती त्याच दिवसांत, त्याच देशात, प्रत्यक्ष घडत होती. पण इतिहासाच्या पुस्तकांबाहेर त्या लग्नाची आठवण कोणाला राहिली नाही. कूपरची कादंबरी मात्र दोनशे वर्षे टिकली. चित्रपटाची कला जन्माला आल्यापासून तिच्यावर अमेरिकेत, जर्मनीत, इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा चित्रपट आणि मालिका निघाल्या.

या चित्रपटांची तुलना करणारे समीक्षक बहुधा नटांचा अभिनय, रानावनाचे चित्रण, लढायांचा थरार आणि मूळ कथेशी इमान यांबद्दल बोलतात. ते बोलावेच. परंतु ज्या समाजाला 'शेवटचा' म्हणून जाहीर केले गेले, त्या समाजाच्या बाजूला उभे राहून पाहिले तर तुलनेची मापे बदलतात. कोणाचे लग्न लागते? कोण मरते? आणि पडदा पडताना जमिनीवर कोण उरते? या तीन प्रश्नांवर हे सगळे अवतार तपासावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

कथा आधी थोडक्यात सांगितली पाहिजे. काळ १७५७ चा. उत्तर अमेरिकेच्या मालकीसाठी इंग्रज आणि फ्रेंच लढत आहेत, आणि दोघांच्याही सैन्यात तिथले मूलनिवासी आहेत. लेक जॉर्ज या सरोवराच्या काठच्या फोर्ट विल्यम हेन्री या किल्ल्यात कर्नल मन्रो हा इंग्रज अधिकारी आहे. त्याच्या दोन मुली, कोरा आणि ॲलिस, जंगलातून बापाकडे निघतात. सोबत डंकन हेवर्ड हा तरुण अधिकारी. वाटाड्या मागुआ हा ह्युरॉन जमातीचा. तो दगा देतो. त्यांना वाचवतात तिघे जण : हॉकआय हा गोरा शिकारी, त्याचा जिवलग मित्र चिंगाचगुक हा मोहिकन, आणि चिंगाचगुकचा मुलगा अंकस. पुढे किल्ला पडतो, शरण आलेल्यांची कत्तल होते, मागुआ मुलींना पळवून नेतो आणि पाठलाग सुरू होतो. शेवटी मागुआचा एक साथीदार कोराला भोसकतो, मागुआ अंकसला मारतो आणि हॉकआयच्या गोळीने मागुआ कड्यावरून कोसळतो. डंकन आणि ॲलिस यांचे लग्न होते. चिंगाचगुक निपुत्रिक होतो.

या कथेत एक गोष्ट आहे, जी कूपरने लिहिली आणि पुढच्यांनी लपवली. कोराची आई वेस्ट इंडीजमधली, आणि तिच्या पूर्वजांत एक काळी गुलाम स्त्री होती. म्हणजे कोरा दिसायला गोरी असली तरी तिच्या अंगात गुलामाचे रक्त आहे. कादंबरीत डंकन मन्रोकडे मुलीचा हात मागायला जातो. मागणी ॲलिससाठी आहे, कोरासाठी नाही, हे कळताच म्हातारा उसळतो. कोराच्या रक्तामुळे तू तिला नाकारतोस, असा आरोप करतो. दक्षिणेत वाढलेला डंकन तोंडाने नाही म्हणतो. पण तो पूर्वग्रह आपल्या मनात खोल रुजलेला आहे हे त्याला स्वतःला जाणवते, असे कूपरने स्वच्छ लिहून ठेवले आहे. 'आम्ही जात मानत नाही' असे बैठकीच्या खोलीत सांगणारे आणि स्थळ पाहताना पोटजात विचारणारे सुशिक्षित ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा डंकन नवा नाही.

हॉकआय हा या कथेचा नायक. त्याचे आणि चिंगाचगुकचे एकत्र जेवण, एकत्र शिकार, एकत्र झोपणे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर रोटीव्यवहार पूर्ण आहे. पण हाच हॉकआय कादंबरीभर पुन्हा पुन्हा बजावत राहतो की, आपल्या रक्तात भेसळ नाही. कोरा आणि अंकस यांच्या अंत्यविधीत डेलावेअर जमातीच्या मुली गाण्यातून म्हणतात की, हे दोघे परलोकात एकत्र नांदतील. त्यांची भाषा समजणारा हॉकआय मान हलवतो. कारण त्याच्या मते हे मेल्यानंतरही शक्य नाही. पुढे शोकाकुल मन्रो त्याला विनवतो : या बायांना सांग, एक दिवस देवाच्या दरबारात आपण सारे रंग, दर्जा, स्त्रीपुरुष हा भेद विसरून जमू. हॉकआय हा निरोप सांगायलाच नकार देतो. बेटीव्यवहाराची बंदी स्वर्गाच्या दारापर्यंत नेणारा हा नायक आहे.

कूपर हा पूर्वग्रहमुक्त नव्हता हे उघड आहे. मूलनिवासींचे त्याने दोन भाग केले, उदात्त मोहिकन आणि दुष्ट ह्युरॉन. दोघांचेही भवितव्य मरण. तरीही एक श्रेय त्याला दिले पाहिजे. बंदी कोणती आहे, ती कोणाच्या मनात आहे, तिची किंमत कोण मोजतो, हे त्याने झाकले नाही. मागुआच्या सूडामागचे कारणही त्याने लिहिले. गोऱ्यांनीच त्याला दारू शिकवली, आणि दारू प्याल्याबद्दल गोऱ्या मन्रोने त्याला खांबाला बांधून फटके मारले. हा मागुआचा दावा कादंबरीत कोणाला खोडता आलेला नाही.

३

'शेवटचा' या शब्दाकडे आपण आता नीट पाहिले पाहिजे. हा शब्द करुणेचा वाटतो. वस्तुतः तो महसुलाच्या दप्तरातला शब्द आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सातबाराच नव्हता, त्या आमच्यासारख्यांना 'वारस' या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. वारस नाही म्हणजे दावा नाही. दावा नाही म्हणजे जमीन मोकळी.

कादंबरी निघण्याच्या तीन वर्षे आधी, १८२३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ठरवले की, भूमीचा 'शोध' लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे मालकी जाते, आणि मूलनिवासींकडे फक्त वहिवाट उरते. कादंबरीनंतर चार वर्षांनी, १८३० मध्ये, अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असताना मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला. बूडिनॉटच्या चेरोकी जमातीला १८३८-३९ च्या हिवाळ्यात सैन्याच्या पहाऱ्यात चालत नेण्यात आले आणि हजारो माणसे वाटेत मेली. एका बाजूला निकाल, दुसऱ्या बाजूला कायदा, आणि मधे ही कादंबरी. कूपरने ती सरकारी हुकमाने लिहिली असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा बाप विल्यम कूपर हा जमिनीच्या व्यवहारांत श्रीमंत झालेला न्यायाधीश होता. कूपर ज्या कूपरस्टाऊन गावात वाढला, ते गाव बापानेच वसवलेले होते. हटवायच्या माणसांसाठी आधीच रडून घेणे ही त्या वर्गाची गरज होती.

लग्नाची बंदीही केवळ मनातली नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यात गोरा आणि काळा यांच्या विवाहावर १७०५ पासून बंदी होती. १७८६ मध्ये ती मूलनिवासींनाही लावली गेली. ती उठली १८४३ मध्ये. या बंदीविरुद्ध त्याच काळात एक माणूस लिहीत होता. त्याचे नाव विल्यम एपेस. पीक्वॉट जमातीचा हा माणूस लहानपणी गोऱ्यांच्या घरी बांधील नोकर होता, पुढे मेथडिस्ट धर्मोपदेशक झाला. १८२९ मध्ये त्याने स्वतःचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १८३३ च्या एका निबंधात त्याने गोऱ्या ख्रिश्चनांपुढे आरसा धरला आणि या विवाहबंदीवर थेट बोट ठेवले. आपला जोडीदार निवडण्याचा हक्क माणसाचा आहे, कायद्याचा नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

कूपर 'शेवटच्या' माणसाची गोष्ट सांगत असताना, त्या माणसांपैकीच एक जण स्वतःच्या हाताने आत्मचरित्र लिहीत होता, ही साधी वस्तुस्थिती आहे. पण चित्रपट निघाले कूपरच्या पुस्तकावर.

४

पडद्यावरचा प्रवास लवकर सुरू झाला. १९०९ मध्ये ग्रिफिथने कूपरच्या या कथामालेवर 'लेदर स्टॉकिंग' हा छोटा मूकपट काढला. १९२० मध्ये मॉरिस टूर्नर आणि क्लॅरेन्स ब्राऊन यांनी दिग्दर्शित केलेला 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' आला. हा मूकपट आजही सुंदर मानला जातो. त्यात एक धाडसाची गोष्ट आहे. हॉकआयला बाजूला सारून कोरा आणि अंकस यांच्या परस्पर ओढीला त्याने कथेच्या मध्यभागी आणले. कोरा अंकसकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर त्या काळच्या अमेरिकेत सोपी नव्हती. परंतु या धाडसाची किंमत म्हणून कोराचे पूर्वज पुसले गेले. पडद्यावरची कोरा निखळ गोरी आहे. आणि शेवट? कोरा कड्याच्या टोकावर उभी राहते आणि मागुआच्या हातून खाली कोसळते. अंकसही मरतो. जिवंत राहतात डंकन आणि ॲलिस.

१९३६ मध्ये जॉर्ज सिट्झ यांचा बोलपट आला. त्यात रँडॉल्फ स्कॉट हा हॉकआय होता. कादंबरीत ब्रह्मचारी असलेल्या हॉकआयला इथे प्रेयसी मिळाली, ती ॲलिस. कोरा अंकसवर प्रेम करते. अंकस मारला जाताच ती स्वतः कड्यावरून उडी घेते. कथेच्या अखेरीला हा रानातला स्वतंत्र हॉकआय इंग्रजांच्या सैन्यात सामील होतो.

या दोन चित्रपटांच्या मधे हॉलिवूडची एक नियमावली जन्माला आली होती. ती १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आली. गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध दाखवण्यास तिच्यात स्पष्ट मनाई होती. पण कोराच्या पूर्वज स्त्रीला १९२० मध्येच, म्हणजे या नियमावलीच्या दहा वर्षे आधी, हद्दपार केले गेले होते. जिथे रूढी पुरेशी असते तिथे नियमाची वाट पाहावी लागत नाही.

या काळात मूलनिवासींच्या भूमिका करत कोण होते? १९२० मध्ये मागुआ झाला वॉलेस बिअरी, १९३६ मध्ये ब्रूस कॅबट, १९४७ च्या 'लास्ट ऑफ द रेडमेन' मध्ये बस्टर क्रॅब. १९२० च्याच एका जर्मन मूकपटात चिंगाचगुकचे काम बेला लुगोसीने केले, जो पुढे ड्रॅक्युला म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९५७ च्या दूरचित्रवाणी मालिकेत चिंगाचगुक होता लॉन चॅनी ज्युनिअर. सारे गोरे, अंगाला रंग फासलेले. ज्याला मारायचे त्याची कातडीसुद्धा उसनी घेतली गेली.

एक अपवाद मुद्दाम नोंदला पाहिजे. १९६७ मध्ये पूर्व जर्मनीत कूपरच्याच 'डिअरस्लेअर' या कादंबरीवर 'चिंगाचगुक' हा चित्रपट निघाला. यात नायक गोरा शिकारी नाही, चिंगाचगुक आहे. गोऱ्या सत्ता जमातींना एकमेकींशी कशा झुंजवतात हे त्यात दिसते. मुख्य म्हणजे तो जिवंत राहतो आणि त्याला त्याची वधू मिळते. शीतयुद्धात अमेरिकेला खाली दाखवण्याचा हेतू त्यामागे होता हे खरे. नायकाची भूमिका करणारा गोइको मिटिच हाही युगोस्लाव्हियाचा. वधूही त्याच्याच लोकांतली, म्हणजे बेटीव्यवहाराची रेषा इथेही ओलांडली गेली नाही. तरीही एवढे सिद्ध झाले की, मूलनिवासीला जिवंत ठेवूनही या कथा सांगता येतात. न सांगणे ही निवड होती, नाइलाज नव्हता.

५

१९९२ चा मायकेल मान यांचा चित्रपट आज जगभर सर्वांत जास्त ओळखीचा आहे. कोलंबसाच्या आगमनाला ५०० वर्षे झाली ते हे वर्ष. १९३६ च्या पटकथेचा आधार या चित्रपटाने घेतला आणि तसे श्रेयनामावलीत नमूदही केले.

या चित्रपटाचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. मूलनिवासींच्या भूमिका इथे मूलनिवासींनी केल्या. चिंगाचगुक झाला रसेल मीन्स, लकोटा जमातीचा आणि अमेरिकन इंडियन चळवळीचा पुढारी. १९७३ मध्ये वुंडेड नी या गावाचा ७१ दिवस ताबा घेणाऱ्या लढ्याच्या आघाडीवर तो होता. त्याच वर्षी मार्लन ब्रँडोने मूलनिवासींच्या पडद्यावरच्या विटंबनेचा निषेध म्हणून ऑस्कर नाकारले होते. अंकस झाला एरिक श्वाइग. मागुआ झाला वेस स्टुडी, चेरोकी जमातीचा. स्टुडीचा मागुआ हा या साऱ्या अवतारांतला सर्वांत ताठ मानेचा माणूस आहे. इथे त्याचा राग फटक्यांपुरता नाही. त्याचे गाव जाळले गेले, मुले मारली गेली, त्याला गुलामी भोगावी लागली. तो बोलतो तेव्हा प्रेक्षकाला क्षणभर त्याची बाजू घ्यावीशी वाटते.

पण आपले तीन प्रश्न विचारा. कोणाचे लग्न? या वेळी हॉकआय आणि कोरा यांचे प्रेम आहे. दोघेही गोरे. कोराची गुलाम पूर्वज स्त्री याही वेळी गायब. कोण मरते? अंकस. त्याच्यामागून ॲलिस कड्यावरून उडी घेते. तिचे आणि अंकसचे प्रेम म्हणजे काही नजरा, जेमतेम काही क्षण. कोण उरते? डोंगरमाथ्यावर हॉकआय, कोरा आणि स्वतःला वंशातला शेवटचा म्हणवणारा चिंगाचगुक.

आणखी एक बदल आहे, तो बारकाईने पाहण्याजोगा आहे. कादंबरीतला हॉकआय चिंगाचगुकचा मित्र. १९९२ चा हॉकआय त्याचा मानलेला मुलगा, दत्तक. यात आपलेपणा आहे हे खरे. पण परिणाम काय झाला? पोटचा मुलगा मेला, दत्तक गोरा मुलगा गोऱ्या पत्नीसह उरला. म्हणजे वारसा कायदेशीरपणे गोऱ्याकडे गेला, आणि तोही बापाच्या आशीर्वादाने. आपल्याकडे १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. इथे दत्तक मंजूर करून तेच साधले.

कोणी म्हणेल, ही शोकांतिका आहे, कोणीतरी मरणारच. मान्य. पण मग दर वेळी तोच का मरतो? कादंबरीत आणि १९२० मध्ये उरले डंकन आणि ॲलिस, १९३६ मध्ये हॉकआय आणि ॲलिस, १९९२ मध्ये हॉकआय आणि कोरा. माणसे बदलली, पाट बदलला नाही. त्या पाटावर गोरे जोडपेच बसते. आणि १९९२ ला हॉलिवूडची नियमावली संपून दोन तपे झाली होती. १९६७ मध्ये लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावर आधारलेली विवाहबंदी रद्द केलेली होती. कायदा गेला, नियम गेला, कथा मात्र तशीच राहिली.

६

हे कोडे उलगडायला बाबासाहेबांकडे जावे लागते, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या न्यूयॉर्क राज्यात ही कथा घडते, त्याच राज्यातल्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात तरुण भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. गोल्डनवायझर हे इरोक्वाय लोकांचे अभ्यासक. कूपरच्या कथेत येणारे मोहॉक हे त्याच इरोक्वाय संघातले. त्या निबंधात बाबासाहेबांनी सजातीय विवाह हाच जातीचा प्राण आहे असे दाखवले. अमेरिकेतले गोरे, निग्रो आणि इंडियन जमाती यांची उदाहरणे देता येतील असे सांगून, भारतातली स्थिती वेगळी आहे, गल्लत करू नका, असा इशाराही तिथेच दिला. तो इशारा आपणही पाळला पाहिजे. मोहिकन म्हणजे अमेरिकेतले महार नव्हेत. त्यांच्यापासून देश हिरावला गेला, आपल्याला गावाबाहेर ठेवून राबवले गेले. दोन जुलमांची यंत्रे वेगळी आहेत.

पण यंत्राचा एक भाग समान आहे. गटाबाहेर लग्न होऊ द्यायचे नसेल तर 'जास्तीच्या' स्त्रीचे काय करायचे, हा प्रश्न बाबासाहेबांनी त्या निबंधात मांडला. जोडीदाराविना उरलेली स्त्री रेषा ओलांडून बाहेर लग्न करील, हा गटाला धोका. त्यावर इथल्या समाजाने शोधलेले उपाय त्यांनी सांगितले : तिला पतीबरोबर जाळणे, किंवा सक्तीचे वैधव्य. आता चित्रपटांतल्या त्या कड्याकडे पुन्हा पाहा. कादंबरीत कड्यावरून पडतो तो मागुआ. कोराला तिथे कोणी ढकललेले नाही. ती भोसकली जाते. १९२० मध्ये कडा कोराच्या वाट्याला आला, १९३६ मध्ये तिने स्वतः उडी घेतली, १९९२ मध्ये ॲलिसने. नाव बदलले, उडी राहिली. ज्या गोऱ्या मुलीने मूलनिवासी तरुणावर मन ठेवले तिला मागे उरता येत नाही. हे सहगमन आहे. फक्त चितेऐवजी दरी आहे, आणि मंत्रांऐवजी वाद्यवृंद. प्रेक्षक डोळे पुसतात, जसे सतीच्या शिळेपुढे लोक कुंकू वाहतात. इतका सुंदर मृत्यू पाहिल्यावर, तो का घडवला गेला हे विचारायचे भान राहत नाही.

सोयरीक रोखली की वंश थांबतो. वंश थांबला की वारस नाही. वारस नाही म्हणून जमीन मोकळी. विवाहबंदी आणि भूमिहरण हे या कथेत दोन वेगळे विषय नाहीत. सैनिक म्हणून मूलनिवासीचे रक्त चालले. प्रत्यक्ष इतिहासात स्टॉकब्रिजचे मोहिकन इंग्रजांच्या बाजूने लढले, आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढून मेले. रक्त लढाईत चालले, लग्नात चालले नाही.

७

आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. कूपरने दोन जमातींची सरमिसळ केली होती. हडसन नदीच्या खोऱ्यातले महिकन आणि कनेक्टिकटमधले मोहेगन. अंकस हे नाव त्याने मोहेगनांच्या एका खऱ्या प्रमुखाकडून उचलले, जो सतराव्या शतकात होऊन गेला. तो खरा अंकस निर्वंश नव्हता. त्याच्यामागे त्याचा मुलगा ओवानेको प्रमुख झाला. मोहेगन जमातीला १९९४ मध्ये, मान यांच्या चित्रपटानंतर दोन वर्षांनी, अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळाली.

महिकनांना मॅसॅच्युसेट्समधले स्टॉकब्रिज सोडावे लागले, मग न्यूयॉर्क राज्य सोडावे लागले. शेवटी ते विस्कॉन्सिनमध्ये पोहोचले. तिथे शवानो परगण्यात स्टॉकब्रिज-मन्सी मोहिकन समाज आजही आहे. त्यांचे स्वतःचे शासन आहे, ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला कधी न थांबणाऱ्या पाण्याचे लोक म्हणवतात. त्यांच्यातला जॉन क्विनी हा पुढारी ४ जुलै १८५४ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्क राज्यातल्या रीड्सव्हिल येथे गोऱ्या श्रोत्यांपुढे उभा राहिला. आपल्या लोकांची भूमी कशी गेली, याचा हिशेब त्याने त्या उत्सवात मांडला. कूपर त्याआधी तीन वर्षे वारला होता. म्हणजे 'शेवटच्या' मोहिकनाचा लेखक गेल्यावरही मोहिकन बोलत होता.

आकड्यांचेही असेच. फोर्ट विल्यम हेन्रीच्या कत्तलीत ५०० ते १५०० माणसे मेल्याचे कूपरने लिहिले. इतिहासकार इयन स्टील यांनी १९९० मध्ये कागदपत्रे तपासून हा आकडा ६९ ते १८४ च्या दरम्यान आणला. १९९२ च्या चित्रपटात मागुआ ज्याचे काळीज काढतो तो मन्रो खऱ्या इतिहासात त्या कत्तलीतून वाचला आणि काही महिन्यांनी ऑल्बनी येथे वारला. मूलनिवासींच्या हातून मेलेले गोरे फुगवून मोजायचे, आणि गोऱ्यांच्या हातून मेलेल्या मूलनिवासींना 'नियती' म्हणायचे, हा हिशेब जुना आहे.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली. त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकन इंडियनांवर केलेल्या क्रौर्याची आठवण दिली आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या पाडावाशी त्याची तुलना केली. एकाच पुस्तकात कृतज्ञता आणि आरोप. जोतीरावांना अमेरिका पाहायला मिळाली नव्हती, पण त्या देशाच्या दोन्ही बाजू त्यांना दिसत होत्या.

म्हणून 'लास्ट ऑफ द मोहिकन्स'चा पुढचा अवतार जेव्हा येईल तेव्हा त्याची छायाचित्रण आणि अभिनय यांच्याबरोबर आणखी एका मापाने तपासणी व्हावी. त्यात कोराची गुलाम पूर्वज स्त्री परत येते का? अंकस म्हातारा होतो का? त्याच्या अंगणात मुले खेळतात का? बूडिनॉट आणि हॅरिएट यांच्या घरात १८२६ नंतर जे साधेपणाने घडले ते पडद्याला आजवर दाखवता आलेले नाही. आणि हे सांगण्याचे काम कूपरच्या वारसांवर सोपवूनही चालणार नाही. एपेसने आत्मचरित्र लिहिले, क्विनीने भाषण केले, विस्कॉन्सिनमध्ये त्यांचे वंशज आपले कागद जपत आहेत. आपल्याकडेही ज्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिले त्यांनी स्वतः लिहायला सुरुवात केली, त्यामुळे साहित्याचा नकाशा बदलला. वारस आहेत, आणि ते आपली नोंद स्वतः करून घेत आहेत.